सातव्या डब्याची खिट्टी

पुखराजशेठांचा आकाशपाळणा खानदेशातल्या जत्रांतून फिरायचा आणि त्याच्याबरोबर एरंडोलकडचे दोघे, भाईदास आणि वना. एकाच गल्लीत वाढलेले, आयटीआयला एकाच बाकावर बसलेले. वनाने पाळणा उभारायचा, भाईदासने चालवायचा. एक्क्याण्णव साली शेठांच्या एका नातलगाने विलायतेतल्या समुद्रकाठच्या पाळण्यांच्या पार्कासाठी उन्हाळ्यापुरती दोन माणसं मागितली, तेव्हा शेठांना दुसरी नावं सुचलीच नाहीत.

तिथला उन्हाळा असा, की दोघं भर जूनमध्ये स्वेटर घालून कामाला जायचे. बारा डब्यांची एक गाडी रुळांवरून वर चढायची आणि लोकांच्या किंकाळ्यांसह खाली झेपावायची. लोक बसले की वना प्रत्येकाच्या मांडीवरचा लोखंडी दांडा खाली ओढून खिट्टी बसली का ते हलवून बघायचा. मग हात वर करायचा आणि भाईदास बटण दाबायचा.

जुलैतल्या एका शनिवारी सातव्या डब्याची खिट्टी धरेना. वनाने केन नावाच्या फोरमनला बोलावलं. रांग पार फाटकापर्यंत गेली होती. केनने दांडा दोनदा आपटला, कुठून तरी एक चामडी पट्टा आणून वनाच्या हातात दिला आणि बांध म्हणून खूण केली.

"भाईदास," वना म्हणाला, "हाई बरं नही. डबा रिकामा ठेवाले सांग त्याले."

भाईदासला वनापेक्षा बरं इंग्रजी यायचं. दोन वाक्यांचं तर काम होतं. पण त्याने केनच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि म्हणाला, "बांध ना. संध्याकाळलोंग तर चालाडनं शे."

तिसऱ्याच फेरीला पट्टा सुटला. वळणावर पन्नाशीची एक बाई डब्यातून फेकली गेली. जीव वाचला, पण कंबरेचं हाड मोडलं.

चौकशीला दोन साहेब आले. मराठीचा दुभाष्या मिळेना, म्हणून एका गुजराती बाईंना बसवलं होतं. गुजराती दोघांनाही कळायची. केनने आधीच सांगून ठेवलं होतं, की पट्टा वनाने आपल्या मनाने बांधला. वनाचं म्हणणं ऐकून झाल्यावर बाईंनी भाईदासला विचारलं, "तुम्ही काय पाहिलंत?"

खरं बोललो तर दोघांनाही घरी धाडतील, एक तरी राहू दे, असं त्याने मनाशी म्हटलं. पण तो एक म्हणजे आपण, हेही त्याला तेव्हाच कळत होतं.

"माझं लक्ष बटणांकडे होतं," तो म्हणाला.

वनाने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याला विमानात बसवून दिलं.

सप्टेंबरअखेर भाईदास परतला. गल्लीत शिरतो तोच वनाची आई, ताईबाई, ओट्यावरून उठून आली. "भाऊ, तू तर तठेच व्हता. मन्हा वनानी काय करं रे? तो काहीच सांगस नही. रावेरले केळी भराले जास."

"थंडी बाधली त्याला, अक्का," भाईदास म्हणाला आणि मान खाली घालून घरात गेला.

चार दिवसांनी तो धुळ्याला शेठांच्या दुकानात गेला. नवरात्रात पाळणा लागायचा होता. "वनाला मी पाळण्याला हात लावू देणार नाही," शेठ म्हणाले. "ज्याच्या हातून माणूस पडलं, त्याच्या भरवशावर लोकांची लेकरं बसवू?"

भाईदास दाराशीच उभा होता. चपलाही काढल्या नव्हत्या. तिथूनच त्याने केन, पट्टा, चौकशी सगळं सांगून टाकलं.

 शेठ म्हणाले, "म्हणजे त्यानं नको म्हटलं आणि बटण तू दाबलंस." भाईदासला त्यांनी पाळण्यावरून काढलं. वनाला मात्र शेठांनी बोलावणं धाडलं.

वना आला नाही आणि नवरात्रात पाळण्यावर धुळ्याची दोन नवी माणसं लागली. तेव्हा भाईदास स्वतः रावेरला गेला. वना ट्रकमध्ये केळीची पानं अंथरून घड रचत होता. भाईदासने खाली उभं राहून सांगितलं, "शेठला खरं सांगितलं मी. तुझा दोष नव्हता."

"माले काय सांगस?" वना न थांबता म्हणाला. "जठे सांगानं व्हतं, तठे तुन्ही जीभ उचलनी नही."

वनाने आणखी दोन घड लावले, मग हात थांबवले.

"ती बाई चालाले लागनी का?"

भाईदासला हो म्हणता आलं असतं. "माहीत नाही," तो म्हणाला.

"दोन महिना तठेच व्हता ना तू? इचारं बी नही कोणले?"

"नाही."

वनाने त्याच्याकडे असं पाहिलं, की चौकशीच्या खोलीतली नजर त्यापुढे काहीच नव्हती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. वनाने खाली वाकून आणखी एक घड उचलला आणि भाईदासकडे पाठ केली.

त्याच संध्याकाळी भाईदासने पार्काच्या पत्त्यावर इंग्रजीत पत्र लिहिलं, मोडकंतोडकं. केनचं नाव लिहिलं, स्वतःचं लिहिलं, शेवटी पडलेल्या बाईची विचारपूस केली. उत्तर आलं नाही. दिवाळीनंतर दुसरं लिहिलं, संक्रांतीला तिसरं. वना बाजारात भेटला तर रामराम घालायचा, पण थांबायचा नाही.