धाग्याच्या टोकाला रक्त

मित्रांनो, शिलाई मशीन कधी घाबरते का, असं तुम्ही विचाराल. घाबरते. मी तर रोज घाबरते. बोरी अरबला इंदूबाईंच्या खिडकीपाशी उभी असलेली, पायाने चालवायची, रंग उडालेली मशीन म्हणजे मी. आधीच्या घरी मी धूळ खात पडले होते. इंदूबाईंनी मला आणलं, तेल पाजलं, नवा पट्टा चढवला आणि माझ्या जिवावर आपल्या लेकीला, साधनाला, लहानाची मोठी केलं.

दसरा जवळ आला की पांढऱ्या ब्लाउजांचा ढीग पडायचा. दीक्षाभूमीला जाणाऱ्या बाया म्हणायच्या, "इंदूबाईच्या हातची शिलाई म्हंजे पाह्यतच राहा." ऐकून मी फुगायचे.

इंदूबाईंना एक खोड होती. कात्री शेजारी असली तरी धागा त्या दातानेच तोडायच्या. एकदा पांढऱ्या धाग्याचं टोक लाल निघालं. त्यांनी ते टोक चुरगाळून टाकलं आणि दुसरी बाही घेतली. मग रोजच तसं होऊ लागलं. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून त्यांनी ब्रश सोडला आणि भाजलेल्या तंबाखूची पूड त्यांवर चोळायला लागल्या. ठणक तेवढ्यापुरती थांबायची. दाढ मात्र हलायला लागली.

साधनाने ते पाहिलं. "माय, दाताच्या डॉक्टरकडं काहून नाही जात वं तू?"

"दाढ काढतीन थे. दाढ काढली का डोळे जातेत. मंग सुई कोन ओवीन?"

मीही भ्याले. डोळे गेलेल्या शिंपिणीच्या घरात माझं काय होणार?

हिवाळ्यात त्याहून मोठं भय आलं. सकाळी इंदूबाईंची बोटं वळेनात. सांधे सुजलेले, गरम. ऊन अंगणात येईपर्यंत त्या मुठी चोळत बसायच्या. एकदा कापडाबरोबर बोटच माझ्या सुईखाली सरकलं आणि त्यांना ते मागे घेता आलं नाही. मला माझं मी थांबता येत नाही, मित्रांनो. सुई बोटात घुसल्याचा तो आवाज अजून माझ्या अंगात आहे.

साधनाने त्यांना यवतमाळला नेलं. परत आल्या त्या तणतणतच. "हात दाखवाले गेलती मी, त डॉक्टरीन म्हने तोंड उघडा. सांधे दुखते त तोंड कायले पाह्यते?"

साधना शेजारी बसली. "माय, हा संधिवात हाये. गोळ्या त घ्याच लागतीन. पन हिरड्यांची सूज अन् सांध्यांची सूज एकमेकीले खतपाणी घालते, असं डॉक्टरीनबाई सांगत होत्या. हिरड्यांमुळंच झालं असं नाही म्हनता येत. पन तोंडात असं सडत ठेवलं त हाताले आराम कसा पडीन? अन् दाढेचा डोळ्याशी काही संबंध नाही."

इंदूबाई म्हणाल्या, "लग्नसराई आटपू दे, मंग पाहू."

लग्नसराई आटपली तोवर दोन बोटं वाकली होती. एका सकाळी त्यांना स्वतःच्या वेणीचा पेड धरता आला नाही. तशाच मोकळ्या केसांनी त्या म्हणाल्या, "चाल साधना."

दाताच्या दवाखान्यात हिरड्या साफ झाल्या, हलणारी दाढ निघाली. घरी येताच, तोंडात कापूस तसाच ठेवून, त्या माझ्यासमोर बसल्या. सुईचं नेढं उजेडात पाहिलं. "दिसते वं," त्या म्हणाल्या. "साफ दिसते." पण चिमूट जुळेना. धागा दर वेळी नेढ्याच्या बाजूने निसटला. इंदूबाई रडल्या. शेवटी साधनाने सुई ओवून दिली.

आता गोळ्या चालू आहेत, ब्रश चालू आहे, तंबाखू बंद आहे. सूज बरीच उतरली, त्या थोडंफार शिवतात. वाकलेली बोटं तेवढी सरळ झाली नाहीत, होणारही नाहीत म्हणे. रोज त्या माझ्या चाकावर हात ठेवतात तेव्हा मला धडकी भरते, आज फिरेल की नाही.

मित्रांनो, घरात कुणाच्या चुळीत रक्त दिसलं तर ते म्हणतील, काही नाही होत. त्यांचं ऐकू नका. हाताला धरून दवाखान्यात न्या, त्यांचे हात सरळ आहेत तोवर.