झुल्मिराआत्याबाईंचा शेरिंबाबू

पिल्लू असताना रानातून आणलेला, आपल्या तोंडचा घास खाऊन माणसाळलेला जीव म्हणजे शेरिंबाबू. नेग्रो नदीकाठी आमच्यात त्याला कुणी खात नाही. खाल्लं तर पोटचंच खाल्लं.

मी तेव्हा नवी सून. संत बेनेदितोच्या उत्सवाचा मान त्या वर्षी मामंजींकडे, इदालेसियोंकडे होता. गावाला मांसाचं जेवण घालायचा नवस होता. पण नदी रानात शिरलेली, मासे झाडाझुडपांत पांगलेले. अंगणात उरला होता तो एकटा दोंदों, मामंजींच्या बहिणीचा, झुल्मिराआत्याबाईंचा पाळलेला काळाभोर मुतुम पक्षी.

"दादा, मारशील, पण घशाखाली उतरेल का?" आत्याबाई म्हणाल्या.

"मग संताला केळी दाखवू? लोक तोंडावर हसतील."

तोड आत्याबाईंनीच काढली. पैलतीरी ओतिलियाकडेही उत्सव होता, आणि तिची पाळलेली जकामी पक्षीण होती. अदलाबदल करू, परक्याने भरवलेली आपल्याला चालते.

मी वल्हं मारलं. दोंदोंला देताना आत्याबाईंनी त्याचे पाय पदराने पुसले. परतताना जकामी होडीत ओरडायला लागली. पाहते तो आत्याबाई मांडिओका कंदाची भाकरी चावून तिच्या चोचीत देत होत्या.

"आत्याबाई, अहो काय करताय?"

"अगं, भुकेली आहे. उपाशी का मारायचं?"

धक्क्यावर मामंजी सुरी घेऊन उभे. जकामी आत्याबाईंच्या मागे तुरुतुरु चालत उतरली.

"भरवलंस ना?"

आत्याबाई जकामीच्या चोचीला लागलेला चुरा पुसू लागल्या.

"नावही ठेवलंस?"

"फिफी," त्या पुटपुटल्या.

मामंजींनी सुरी छपरात खोचली आणि उंबऱ्यावर मान खाली घालून बसले. दिवस कलायच्या आत ओतिलियाही आली, काखेत दोंदों. "घास मागत होता हो, दिला. आता घ्या तुमचा तुम्ही."

उत्सवाच्या जेवणाला उरली ती मांडिओकाची पेज आणि केळी. फिर्मिनोबुवा आमचे उपदेश गाणारे. तो गळा देवानं पुन्हा कुणाला दिला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी बायबलातल्या, प्राण्यांना होडीत घेऊन पुरातून तरलेल्या नोहाचं गाणं लावलं. संथ चालीत नोहाला विचारलं, "इतके दिवस पाणी, इतके जीव होडीत, बाबा, त्यातला कुणी कापलास का रे?" आणि गावानं ध्रुपद उचललं, "नाही रे नाही, पेजच प्यालो."

हसता हसता बायकांचे डोळे भरले. मामंजी उठले, पळी हाती घेतली आणि पहिल्या पानापासून पेज वाढू लागले.