अभिप्रायाची ओळ

उपकेंद्र आमच्या ओसरीतून दिसतं. दाराचं कुलूपही दिसतं. आठवड्यातून एकच दिवस, सोमवारी, नर्स रेणूबाई येतात आणि ते उघडतं. बाकी सहा दिवस आतलं बीपीचं मशीन आराम करतं.

माझी मुलगी रुपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. आठवा महिना. बीपी चढतं, म्हणून दिवसाआड तपासा आणि डोकं दुखायला लागलं तर एक मिनिट थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दवाखाना बावीस किलोमीटर लांब, आणि रस्ता असा की धडधाकट माणसाचं बीपी चढावं. मी चिडलो. एकतीस वर्षं सरकारी कारकुनी केलेला माणूस चिडला की अर्ज करतो. मी ऑनलाइन तक्रार ठोकली, की उपकेंद्र रोज उघडा.

तक्रार जिल्ह्याला गेली, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून आरोग्य केंद्राला. एकविसाव्या दिवशी, सोमवारी, रेणूबाईच कागद घेऊन आमच्या ओसरीत आल्या.

"काकाजी, तुमच्या तक्रारीची चौकशी करायले सांगतलं मले."

"कोणाची चौकशी?"

"माहीच."

मला हसू आलं, पण बाईंचा चेहरा बघून गिळलं. शेजारच्या दोन गावांच्या जागा दोन वर्षांपासून रिकाम्या, म्हणून तीन उपकेंद्रं या एकटीच्या गळ्यात. त्यात बाई कंत्राटी. पुढच्या महिन्यात त्यांची ऑर्डर नव्याने निघायची होती.

"मी सही नाही केली तं?" मी विचारलं.

"तं मले नोटीस. मंग ऑर्डर कायची निघते? सोमवारीबी कोणी येनार नाही इथं." त्या खाली बघत म्हणाल्या, "मी रोज काहून येत नाही, हे कोणीच विचारत नाही, काकाजी. फक्त तुमची सही आना म्हनून राहिले."

मी कागद हातात घेतला. 'तक्रारदाराचे समाधान झाले असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' खाली सही आणि तारीख. बस.

हा नमुना माझा होता. पंधरा वर्षांपूर्वी, जिल्ह्याला तक्रारींच्या टेबलावर असताना, मीच बसवलेला. त्याआधी सहीच्या वर अभिप्रायाची एक ओळ असायची. लोक त्या एका ओळीत रामायण लिहायचे, जागा संपली की समासात लिहायचे, आणि फायली काही बंद व्हायच्या नाहीत. मी ती ओळच काढून टाकली. महिनाभरात टेबल रिकामं झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, आणि मी घरी पेढे नेले होते. तेव्हा रुपा दहा वर्षांची होती.

आता मी तीच ओळ शोधत होतो. कागद उलटून पाहिला. मागे कोरा, पण मागची बाजू स्कॅन होत नाही हे मला ठाऊक होतं. सही केली तर कुलूप कायम. नाही केली तर कुलूप उघडणारी बाईच जाते. करावं तसं भरावं म्हणतात ते कबूल, पण माझं केलेलं रुपाने का भरावं? मला स्वतःची लाज वाटली.

रुपा चहा घेऊन बाहेर आली. तिचे पाय सुजले होते.

"कायचा कागद होय, बाबा?"

"काही नाही, बेटा. जाय, पडून राय."

ती आत गेली. मी पेन काढला आणि सहीच्या जागेवर लिहिलं, 'समाधान झाले नाही.'

रेणूबाईंचे डोळे भरून आले. "काकाजी, हे काय केलं? आता माहं कसं?"

"भिऊ नका, बाई," मी म्हणालो. "त्या जागेवर शाई दिसली का झालं. एकतीस वर्षांत मी कधी वाचलं नाही."

बोललो खरा, तरी मनात वेडी आशा होतीच. माझ्या जागेवर बसलेला एखादा वाचणारा निघेल.

बुधवारी दुपारी मोबाईल वाजला. मेसेज रुपानेच वाचून दाखवला, "आपले समाधान झाल्याने तक्रार निकाली काढण्यात आली आहे." फोन माझ्या हातात देऊन ती खांबाला टेकून बसली.

"बाबा, डोकं लय दुखून राहिलं."

मी गाडीवाल्याला फोन लावला. सोमवारला अजून पाच दिवस होते.