बिरागोचे वडील वाचले

बिरागो आनंदाच्या दिवशी नेसायचं पांढरं कापड घेऊन आली तेव्हा मी काळ्या कपड्यांना इस्त्री करत होते. वडील गेले की आमच्यात वर्षभर काळं घालायचं असतं. अजून निम्मं वर्षही सरलं नव्हतं.

"बाबा वाचले म्हणून रविवारी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना आहे, दुफी. तू आमच्या घरच्यांत बसायचंस. आपल्या सगळ्यांना एकाच ताग्यातलं आणलंय बघ."

कापड सुरेख होतं, बारीक निळ्या नक्षीचं. मला ते फाडावंसं वाटलं.

आमच्या दोघींचे वडील कुमासी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात शेजारच्या खाटांवर होते. दोघांना फुफ्फुसाचा कर्करोग, दोघांची सर्जन एकच. माझ्या वडिलांची गाठ लिंबाएवढी, तिच्या वडिलांची त्याहून बरीच मोठी. अख्खा वॉर्ड बिरागोच्या वडिलांना वोफा, म्हणजे मामा, म्हणायचा. शस्त्रक्रियेआधी मी बिरागोची कीव करत होते, ती माझी नव्हे.

मग अहवाल आले. फुफ्फुसाभोवतीच्या लसिकाग्रंथी काढून तपासतात. आजार तिथवर पोचला असेल तर टप्पा वाढतो, आणि आयुष्य त्या मानानं आखडतं. माझ्या वडिलांच्या पुष्कळ ग्रंथी काढल्या होत्या. छातीच्या मध्यातल्या चारांत कर्करोग निघाला. वोफांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्तस्राव झाला, म्हणून तीनच काढून छाती बंद करावी लागली. तिन्ही स्वच्छ.

"जेवढं पाहिलं तेवढं स्वच्छ आहे," सर्जनबाई म्हणाल्या. "जे पाहता आलं नाही त्याबद्दल मी बोलू शकत नाही. म्हणून स्कॅनला येत राहायचं."

पहिल्या वाक्यालाच बिरागो रडत माझ्या गळ्यात पडली. पुढचं मी तिच्या खांद्यावरून ऐकलं.

रविवारी मी काळ्यातच गेले, पांढरं पिशवीत घेऊन.

"पिशवीचा बाप्तिस्मा करायचाय का?" बिरागो हसली. "नेस की!"

वोफा रुमाल हलवत वेदीपर्यंत नाचत गेले. शेवटी शेवटी माझे वडील न्हाणीपर्यंत चालू शकत नव्हते.

जेवताना वोफांनी मला शेजारी बसवलं. "तुझा बाप चोर होता हं, पोरी. माझ्या ताटातलं तळलेलं केळं पळवायचा. वर म्हणायचा, म्हाताऱ्या, छातीत नळी घालून केळी कसली खातोस!"

मी हसले. मग विचारलं, "बुधवारी स्कॅन आहे ना, वोफा?"

"कसलं स्कॅन? देवानं मुळासकट उपटलंय. बुधवारी मी कोकोच्या मळ्यात."

सगळे आमेन म्हणाले.

गप्प बसणं फार सोपं होतं. वोफा मळ्यात जातील, आजार निवांत वाढेल, आणि एक दिवस बिरागोही काळं नेसेल. मग आम्ही सारख्या. हा विचार मला सुचला, आणि क्षणभर आवडलाही.

मी बिरागोला मागच्या अंगणात नेलं. तिथे बायका पातेली घासत होत्या.

"त्यांच्या तीनच ग्रंथी तपासल्यात. तेवढ्यावरून आजार गेला असं म्हणता येत नाही. आणखी कुठे असला तर स्कॅनमध्येच कळेल."

"आजच सांगायचं होतं?"

"बुधवार जवळ आलाय."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुझे वडील गेले, म्हणून तुला हे बघवत नाहीये."

"नाही बघवत," मी म्हणाले. "तरी त्यांना बुधवारी ने."

तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, कापडासकट, आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात फोन वोफांचा आला. "काही नाही सापडलं, पोरी! पण परत बोलावलंय, आणि बिरागो म्हणते, जायचंच. रुसलीय तुझ्यावर. गाडी मात्र तिनंच चालवली."

"बरं झालं, वोफा."

खरंच बरं वाटलं. आणि लगेच पाठोपाठ तेच मनात आलं: माझ्याच वडिलांच्या ग्रंथींत कर्करोग का निघाला?

संध्याकाळी मी केळी तळली, दोघांना पुरतील एवढी, आणि सगळी एकटीनं खाल्ली.