तळ्यात बुडवलेली चहाची थाळी

मित्रांनो, अख्ख्या अ‍ॅटलास पर्वतात पाण्याची पारख माझ्याइतकी कोणालाच नाही. तळं कितीही मोठं असो, माझ्यापुढे त्याला खरं बोलावंच लागतं. मी एक जुनी थाळी आहे. चहाची.

फेझ शहरातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. तूदाच्या लग्नात मी तिच्याबरोबर या तळ्याकाठी आले. माझ्यावर पुदिन्याच्या चहाचे पेले मिरवत. पाहुणे चहाची स्तुती करीत, ती मी माझीच समजे. तूदाचा नवरा बास्सू होडीतून मासे धरी. घर त्यावरच चाले.

एका उन्हाळ्यात तळं हिरवंगार झालं. आमच्याकडे हिरवा रंग म्हणजे बरकत. बास्सूचा चुलतभाऊ ओस्साइद याची काठावर सफरचंदांची बाग. तो हरखलाच. "बास्सू, तळ्यालासुद्धा माझं खत मानवलं बघ!" त्या आनंदात त्याने बागेत आणखी पोती ओतली. बायका साबणाची पूड लावून गालिचे तळ्यातच धूत. मेंढ्याही तळ्यात उभ्या राहून पाणी पीत. नुसतं पीत असत्या तर एक वेळ चाललं असतं.

मग मासे पोट वर करून तरंगू लागले. बास्सूने होडी विकायला काढली.

शहरातून पाणी तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांची रीत अशी: काळी-पांढरी तबकडी दोराने पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी होईल तिथवर पाणी नितळ. पण त्यांची तबकडी घाटात पडलेली! तूदाने मला तशीच काळी-पांढरी रंगवून पुढे केलं. "लग्नातली आहे हो, परत द्या."

ओस्साइदने दोर धरला. वीतभर दोर पाण्यात जायच्या आत मी गायब.

"अरे! चोरली की काय कोणी?"

"तुमच्या खतानं, भावोजी," तूदा म्हणाली.

बाईंनी समजावलं: खत, साबण, लेंड्या खाऊन शेवाळ माजतं, मग सडतं, आणि सडताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं.

"म्हणजे बरकत नाही?"

"आहे ना," बास्सू म्हणाला. "शेवाळाची बरकत, माशांची मयत."

होडी विकली गेली नाही. ओस्साइद माती तपासून लागेल तेवढंच खत घालू लागला. बाग आणि तळं यांच्यामध्ये त्याने लव्हाळ्यांचा पट्टा राखला. मेंढ्यांना लांबवर हौद बांधला. गालिचेही काठापासून दूर गेले, अर्थात कुरकुरत. तळं काही एका पुडीने बरं होत नाही. बरेच उन्हाळे गेले. पण मासे परतले. परवा ओस्साइद ओरडला, "अजून दिसतेय की!"

"सोडा की आणखी खाली!"

"सोडू कशी? दोर संपला, वहिनी!"

तेव्हा मित्रांनो, तुमच्या गावच्या तळ्याला प्रेमाने काही खाऊ घालू नका. तळ्याला उपासच मानवतो.

हा रंग चढल्यापासून चहा माझ्या वाट्याला येत नाही; एरवी मी खुंटीवरच असते. इकडे आलात तर तूदाला एवढं सांगा: एकदा माझ्यावर चहाचा पेला ठेव. रिकामा असला तरी चालेल.