तळघरातली किंकाळी

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात त्यांच्या डिस्क-प्लेअरने मान टाकली. गुडघा हळूहळू ताळ्यावर येईल, असं डॉक्टर म्हणाले. प्लेअर बघून दुकानदाराने नुसतीच मान हलवली.

सासरे म्हणजे कोर्टातले निवृत्त लघुलेखक. उभ्या नोकरीत खऱ्या गुन्ह्यांच्या साक्षी उतरवून घेतल्या, तरी हौस मात्र खोट्या गुन्ह्यांची. रहस्यपटांच्या डिस्कनी त्यांचं कपाट खच्चून भरलेलं. आता पाय स्टुलावर, प्लेअर बंद आणि समोर दिवसभर नुसती भिंत. दोनच दिवसांत त्यांनी घरातल्या प्रत्येकाची उलटतपासणी सुरू केली. दूध कोणी आणलं, उशीर का झाला, मधे कुठे थांबलात.

"आणू या काहीतरी," मुलगा म्हणाला. त्याच्या 'आणू या'चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता. म्हणून मग सुनेनेच पदर खोचला.

सून गाडी चालवायला शिकवायची. शेजारच्या सीटवर बसून जादा ब्रेक ती इतक्या चपळाईने दाबायची, की विद्यार्थ्यांनी तिचं नावच 'ब्रेकताई' ठेवलं होतं. भिंतीवर चाल करून जाणारी गाडी तिने रोज थांबवलेली; टीव्हीला जोडायचं यंत्र ते काय! तिने वाचून, विचारून एक छोटा कॉम्प्युटर मागवला. एकाच सर्किट-बोर्डावर सगळा संसार थाटलेला, पत्त्यांच्या कॅटाएवढा. सगळ्या डिस्क एका हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायच्या, ती याला जोडायची, हा टीव्हीला जोडायचा, की झालं.

"हा कॉम्प्युटर?" सासऱ्यांनी तो तळहातावर घेऊन उलटा करून पाहिला. "मग याचं बाकीचं कुठंय?"

"बाकीचं नसतंच, बाबा."

"हं," ते म्हणाले. खोटं बोलणाऱ्या साक्षीदारापुढे ते असंच 'हं' म्हणत असावेत.

पहिल्या संध्याकाळी यंत्र सुरू झालं आणि पडद्याच्या कोपऱ्यात विजेची एक पिवळी खूण चमकायला लागली. सिनेमा लावला, की तो पाच मिनिटं चालायचा, हार्ड डिस्क टकटक करायची आणि सगळं अंधारात जायचं.

"वीज पडतेय वाटतं," सासरे म्हणाले. "पण या सिनेमात पाऊस नाहीये."

ब्रेकताई यंत्राशी बोलायला लागली. नवख्या विद्यार्थ्याशी बोलायची, त्याच सुरात. "घाबरायचं नाही. काही झालेलं नाही. पुन्हा पहिल्यापासून." यंत्र पुन्हा पहिल्यापासून बंद पडलं. तिने केबल बदलली, मेमरी कार्ड पुसून त्यावर सगळं नव्याने भरलं, नवऱ्यावर एकदा विनाकारण डाफरली. शेवटी तिच्या लक्षात आलं, की ड्रॉवरमधला जो चार्जर तिने जोडला होता तो एका मेलेल्या मोबाइलचा होता. यंत्र बिचारं अर्धपोटी राबत होतं. ती पिवळी खूण म्हणजे त्याची भुकेची तक्रार. नवा दमदार चार्जर आला आणि खूणही गेली, टकटकही गेली.

सासऱ्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून तिने प्रत्येक सिनेमाखाली संवादांची अक्षरं उमटतील अशी सोय केली. नावं शोधायला सोपं पडावं म्हणून वायरशिवायचा एक छोटा कीबोर्डही जोडायला घेतला. पडद्यावर आसपासच्या उपकरणांची यादी आली. त्यात एक नाव नुसतं आकड्या-अक्षरांचं होतं. हाच तो, म्हणून तिने 'जोडा' दाबलं. 'जोडलं' असं उत्तर आलं, पण कीबोर्ड काही चालेना. मग खाली आणखी एक नाव दिसलं. ते जोडल्यावर कीबोर्ड चालला. पहिलं काय होतं याचा विचार तिने केला नाही. कुकरची शिट्टी झाली होती.

त्यानंतर घरात स्वर्ग अवतरला. सासरे सकाळी चहा घेऊन जे बसत, ते जेवणापुरते उठत. उलटतपासण्या थांबल्या. घर इतकं शांत झालं, की आपण किती चांगली सून आहोत, या विचाराने ब्रेकताईला स्वतःचंच भरून यायचं.

एके दिवशी तिच्या विद्यार्थिनीने शिकवणीला दांडी मारली. भर सकाळी मोकळा वेळ मिळाला म्हणून ती सासऱ्यांशेजारी येऊन बसली. पडद्यावर दोन माणसं हातवारे करून भांडत होती. ती थोडा वेळ बघत राहिली.

"बाबा, आवाज कुठंय?"

"आँ?"

"आवाज! सिनेमाचा!"

त्यांनी चष्म्याच्या घरातून कानाचं मशीन काढून लावलं. शिट्टी मारतं म्हणून ते तिथे झोपवलेलं असायचं. "काय म्हणतेस?"

"किती दिवस आवाज येत नाहीये?"

"मला काय माहीत? अक्षरं येतात की खाली. मला वाटलं, तू मुद्दामच बंद केलास. छान शांत वाटतं."

ब्रेकताईने बाह्या सरसावल्या. टीव्हीचा आवाज पाहिला, चालू होता. केबल काढून दुसऱ्या खाचेत घातली. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. मग यंत्राचा आवाज वाढवत वाढवत शेवटच्या टोकाला नेला. काही नाही.

"बाबा, सगळ्यात मोठा आवाज कुठल्या प्रसंगात असेल?"

सासरे एकदम तज्ज्ञाच्या भूमिकेत शिरले. "तळघर लाव. बाई दिवा घेऊन उतरते आणि पिंपात प्रेत सापडतं."

तिने तळघर लावलं. बाई उतरली, पिंपाचं झाकण उघडलं, मग तोंड उघडलं. पडजीभ दिसेपर्यंत उघडलं. घरात हूं की चूं नाही. ब्रेकताईने प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. मग पुन्हा. खालच्या मजल्यावर काहीतरी धाडकन पडलं. खाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता; एखादी दाढ अडून बसली असेल, असं तिला वाटलं.

बेल वाजली. दारात दातांचे डॉक्टर उभे. हातात मोजे, मास्क हनुवटीवर, कपाळावर घाम. त्यांच्यामागे जिन्यात गालाला रुमाल लावलेल्या एक बाई.

"ताई, तुम्हाला यंत्रातलं कळतं म्हणे," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "जरा खाली येता? माझा स्पीकर झपाटलाय."

"म्हणजे?"

"पेशंटना बरं वाटावं म्हणून बाहेर बसायच्या खोलीत बासरी लावतो मी. आणि आत्ता तिथे एक बाई किंचाळली! तीनदा! आत खुर्चीत माणूस आ वासून बसलेला, मी नुसतं मशीन हातात घेतलं होतं. ट्रे उडवून, गळ्यातल्या टॉवेलसकट पळाला तो!"

ब्रेकताईने वळून टीव्हीकडे पाहिलं. तळघरातली बाई तोंड उघडून थबकली होती. आकड्या-अक्षरांचं ते नाव ब्रेकताईच्या डोळ्यांपुढे आलं. क्षणभर वाटलं, गुपचूप तोडून टाकावं, कुणाला काय कळतंय. पण तिने सिनेमा पुढे चालू करायचं बटण दाबलं.

उघड्या दारातून, जिन्याच्या पायऱ्या चढून, किंकाळी वर आली.

डॉक्टरांनी जिन्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "किती दिवस?"

"बरेच," ती कशीबशी म्हणाली. "कीबोर्ड जोडताना चुकून तुमचा स्पीकर जोडला गेला. खरंच, माफ करा. पण खाली कुणी काही बोललं नाही?"

डॉक्टरांनी कठड्यावरून वाकून खाली मदतनीस मुलीला हाक मारली. तिचं उत्तर वर आलं, "मला वाटलं, तुम्हीच लावता! बासरीचा कंटाळा आला असेल म्हणून!"

"तरीच," डॉक्टर पुटपुटले. "हल्ली नंबर आला तरी लोक उठत नव्हते. मला वाटायचं, घाबरतात."

तेवढ्यात रुमालवाल्या बाई पुढे सरसावल्या. भूल दिलेला गाल सांभाळत म्हणाल्या, "खू... खुवी खोव?"

"काय हवंय? पाणी?" ब्रेकताई म्हणाली.

"फार बोलू नका," डॉक्टर म्हणाले.

"खुनी कोण, असं विचारतायत त्या," सासरे सोफ्यावरून म्हणाले. पुटपुटणारे साक्षीदार त्यांनी काय कमी पाहिले होते! "बसा बाई, बसा. कुठपर्यंत ऐकलंत? माळी गायब होतो तिथपर्यंत?"

बाईंनी जोरजोरात मान डोलावली आणि सोफ्यावर बैठक मारली.

ब्रेकताईने यादी उघडून ते नाव खोडलं. त्याच क्षणी, टोकाला नेऊन ठेवलेला आवाज टीव्हीतून असा फुटला, की खिडक्या हादरल्या आणि डॉक्टर भिंतीला चिकटले. तिने घाईघाईने तो कमी केला. पडद्यावर आता गुप्तहेर बोलत होता. सासरे कान देऊन ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा पडत गेला.

"हा असा बोलतो?"

"म्हणजे कसा?"

"पिपाणीसारखा! मी इतके दिवस त्याला काय भारदस्त आवाज दिला होता, मनातल्या मनात." त्यांनी कानाचं मशीन काढून चष्म्याच्या घरात ठेवलं. "तो आधीचा आवाज बरा होता. म्हणजे नव्हता, तोच."

डॉक्टर हातातल्या मोज्यांशी चाळा करत उभे होते. "ताई," ते जरा संकोचून म्हणाले, "दवाखान्याच्या वेळात ते परत खाली जोडता येईल का? आता लोक बासरीवर थांबायचे नाहीत. फक्त किंकाळ्या नकोत."

ब्रेकताईने सासऱ्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने ही मागणी सांगितली. त्यांनी कपाटाकडे पाहत थोडा विचार केला.

"विषप्रयोगाचे लावतो," ते म्हणाले. "त्यात शांतपणे मरतात."

डॉक्टरांना ते पटलं. मुख्य म्हणजे पळालेला पेशंट कुठवर गेला हे बघायचं होतं, म्हणून ते लगबगीने जिना उतरले. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. सासऱ्यांनी त्यांच्यासाठी सिनेमा माळी गायब होतो तिथून पुन्हा लावला आणि आपल्या पायाखालचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.