वजन उतरेपर्यंत

धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. आईचं वय झालेलं, भावजयीचा रक्तगट वेगळा. जुळली ती फक्त थोरली बहीण. घरात भावाखेरीज तिला सगळे थोरलीच म्हणत, नवरासुद्धा. डॉक्टर म्हणाले, "बाकी सगळं छान आहे, वजन तेवढं फार आहे. निदान बारा किलो उतरवा, मग ऑपरेशनचं बघू." थोरलीने तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "उतरवेल ती. थोरली आहे ना."

त्याच आठवड्यात आई तिच्याकडे राहायला आली. आली ती वजनकाटा घेऊनच.

थोरली एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. दिवसभर स्टुलावर बैठक, घरी आल्यावर स्वयंपाक, मुलीचा अभ्यास. पळायला वेळ उरायचा तो पहाटेचाच. पहिल्या दिवशी ती नवऱ्याची जुनी ट्रॅकपँट चढवून निघाली. समोरच्या शाळेच्या भिंतीकडेने गॅरेजपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच ठरवलं होतं. भिंत संपायच्या आधीच छातीचा भाता झाला, कुशीत कळ आली आणि ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. मागे वळून पाहिलं तर गॅलरीत आई उभी. हाताने खुणावत होती, ऊठ, ऊठ.

"माझ्यासाठी कधी एक जिना चढली नाहीस," नवरा त्या दिवशी म्हणाला. थोरलीला वाटलं, आता तरी हा विचारेल, तुझ्या मनात काय आहे म्हणून. त्याने चहा संपवला आणि तो आंघोळीला गेला.

हळूहळू जमायला लागलं. एका विजेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, तिसऱ्यापर्यंत चालायचं. मग दोन खांब पळायचं. एके दिवशी ती न थांबता थेट गॅरेजपर्यंत पोचली. अंग हलकं झालं होतं, श्वास ताब्यात होता, आणि कित्येक वर्षांत हे शरीर तिला पहिल्यांदा आपलं वाटलं. ती एकटीच हसली. परतताना मात्र ती चालतच आली. जितकं हलकं व्हावं, तितकं ते ऑपरेशनचं टेबल जवळ येत होतं.

घरी आई फोनवर भावजयीला सांगत होती, "पाच उतरले, आता सातच राहिले." जणू गाडी स्टेशनात शिरत होती.

त्यानंतर दुपारी मालक जेवायला गेले की थोरली मशीन उगाच चालू ठेवायची आणि त्या घरघरीत बिस्किटांचा पुडा फोडायची. भूक नसायची. तरी पुडा संपायचा. काटा जागचा हलेना.

"पळतेस तर रोज," आई म्हणाली, "मग जातं कुठे?"

आईनेच भावाला कळवलं असणार. एका सकाळी थोरली गॅरेजवरून परतली, तर तो त्याच बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला. चेहरा मातकट, डायलिसिसच्या सुयांनी हाताची शीर दोरीसारखी फुगलेली.

"ताई, आई म्हणते काटा अडकलाय."

"अडकलाय."

"तुला द्यायची नसेल तर सांग. मी रागावणार नाही."

ती त्याच्या शेजारी बसली. घाम पुसत म्हणाली, "हे विचारायला इतके महिने लागले?"

"भीती वाटायची. नाही म्हणालीस तर काय करू? म्हणून विचारलंच नाही."

"आणि आता नाही म्हणाले तर?"

"प्रतीक्षायादीत नाव आहेच. थांबायचं."

"कधीपर्यंत?"

त्याने फुगलेल्या शिरेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "ते कोणाला माहीत?"

"बघ. द्यायची का, हे विचारलंस आणि उत्तरही तूच देऊन टाकलंस."

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," तो म्हणाला. "त्यात तूही पळायलाच लागलीस."

दोघंही हसली. हसता हसता त्याला धाप लागली. तिने पाठीवरून हात फिरवला, तर हाडं हाताला लागली. त्या दुपारी पुडा तिने फोडला, पण बिस्किट घशाखाली उतरेना.

मग वजन उतरलं, भराभर उतरलं.

हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाईंनी आईला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. "इथे बोलाल ते इथेच राहील," त्या म्हणाल्या. "द्यायची नसेल तर आम्ही घरच्यांना एवढंच सांगू, की तुमची किडनी चालणार नाही. खरं कारण कोणाला कळणार नाही."

असं दार कुठे असेल, हे थोरलीच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती मनातल्या मनात त्यातून बाहेर पडून पाहू लागली. घरी गेली, भावाच्या समोर बसली, त्याने "असू दे गं ताई" म्हटलं. त्यापुढे तिला जाता येईना.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

"वाटणारच. द्यायची आहे का?"

दाराच्या काचेतून आईची सावली दिसत होती.

"देते. पण मी घाबरलेय, हेही लिहा. कुठेतरी असू दे ते."

बाईंनी लिहिलं.

बाहेर येताच आई म्हणाली, "काय विचारत होत्या एवढा वेळ?"

"माझी इच्छा आहे का, ते."

"त्यात विचारायचं काय?" आई म्हणाली आणि तिचं मनगट धरून चालू लागली.

बसथांब्यापर्यंत रस्ता सरळ आणि मोकळा होता. थोरलीचे पाय आपोआप भराभर उचलले जात होते. आईचे गुडघे दुखायचे, ती एकेक पाऊल जपून टाकायची. थोरलीने चाल आवरली आणि तिच्या बरोबरीने चालत राहिली. मनगटावरची पकड घट्टच होती.